पान, फूल, पान

"विचारून झालं की हात पाठीमागे बांध, वैजू."

प्रमिलाबाईंचा आवाज. बालवाडीत मुलांसमोर उभं राहायला मला त्यांनीच शिकवलं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आज श्रावणी सोमवार, अर्धी शाळा. जप आटोपून मी जरा आडवी झालेय. स्वयंपाकघरात सासूबाईंची भांडी वाजतायत, मग वाजेनाशी होतात.

मी वर्गात उभी आहे. पडद्यावर माझा स्लाइड शो: पान, फूल, पान, पुढे रिकामा चौकोन. बाई मुलांच्या रांगेत मांडी घालून बसल्यात, ओच्यात चिंचोके.

"पुढे काय येईल?" मी विचारते.

"फूल!" सगळा वर्ग ओरडतो. एकटी दूर्वा म्हणते, "पान."

आता काय होणार ते मला ठाऊक आहे. गेल्या मंगळवारी हेच झालं. माझा अंगठा हातातल्या रिमोटच्या बटणावर जातो, चौकोनात फूल उमटतं, टाळ्या वाजतात. दूर्वा मान खाली घालते. त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही.

या खेपेला दाबायचं नाही, मी स्वतःला बजावते. अंगठा ऐकत नाही. फूल. टाळ्या. परत फूल. परत टाळ्या.

"बाई, हे थांबत का नाही?"

"हात मोकळा आहे ना तुझा."

पडदा म्हणजे ओलं फडकं आहे. देवळाच्या पायरीवर अंथरलेलं. दूर्वाची आई त्यावर वेण्या मांडतेय. रोज सकाळी देवीची वेणी मी हिच्याकडूनच घेते. बाई एक उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरतात. पान, फूल, पान, गाठ. पान, फूल, पान, गाठ.

गाठीनंतर पानच येतं. दूर्वा रोज हेच बघते.

"रोज वाहतेस," बाई म्हणतात, "बघतेस कधी?"

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? मी मेलेय बाई. तिला विचार, पान का म्हणालीस म्हणून. आणि तिचं सांगून होईस्तोवर तोंड उघडू नकोस."

"उद्या जाते."

"उद्या. आणि उपास मात्र आजच सोडणार?"

पायऱ्या वाढत जातायत. अगदी खालच्या पायरीवर दूर्वा पाठमोरी बसलीय, लहान लहान होत चाललीय.

"आजच जाते! तिला विचारल्याशिवाय घास घेणार नाही."

बाई माझ्या हातातला रिमोट काढून घेतात. तिथे एक चिंचोका ठेवून माझी मूठ मिटतात आणि हात पाठीमागे नेतात.

जाग येते. उजवा हात पाठीखाली सापडून बधिर झालाय. एकेक बोट उलगडावं लागतं. आत काही नाही. तळव्याच्या मधोमध चिंचोक्याएवढा लालसर खळगा.

"वैजू, दिवस कलला गं. पान वाढू?" सासूबाई आतून विचारतात.

"झाकून ठेवा, आई. देवळापाशी जाऊन येते."

"सकाळी गेली होतीस ना? दोनदा तोंड दाखवलंस तर देवी कंटाळेल हो!"

"सकाळचं थोडं राहिलंय."

मी चपला घालते. फाटकाबाहेर आल्यावर दोन्ही हात पाठीमागे बांधते आणि चालू लागते.