वीज शिकवायला आलेल्या बाई

आमच्या शाळेत मी खिचडी शिजवते. विजेपासून कसं वाचायचं, हे शिकवायला एकदा बुलढाण्याहून एक बाई आल्या. उघड्यावर सापडलं तर कसं बसायचं, ते त्यांनी इस्त्रीच्या साडीनिशी मैदानात टाचा जुळवून, उकिडवं बसून, कान झाकून दाखवलं.

“मॅडम कोंबडा झाल्या!” पोरं हसली. त्याही हसल्या. मग म्हणाल्या, “आणि एकमेकांपासून लांब बसा, म्हणजे एकावर वीज पडली तरी दुसरा वाचेल.”

मी कुणात बोलत नाही. पण माझी लेक माझ्यासंगं वावरात येते. खिचडीच्या खोलीच्या दारातूनच मी विचारलं, “पोरीले जवळ नाही घ्याव? भेईन ना ते!”

त्या उठून माझ्यापाशी आल्या. “भिऊ द्या, ताई. भ्यालेल्या लेकराला नंतर पोटाशी धरता येतं.”

परवा वावरात अचानक वीज कडाडली. लेक लांब बसून रडत होती. माझे हात तिच्याकडे निघाले. मी ते कानांवर घट्ट दाबले.