बेटावर राहायला

मी अकरा वर्षं कंडक्टर होतो, धुळ्याहून शिरपूरकडे जाणाऱ्या गाडीवर. अकरा वर्षं घंटीची दोरी ओढली आणि लोकांवर खेकसलो. "आत सरका, आत सरका! इथे काय गोधडी अंथरायची आहे का? सुट्टे काढा. उतरा लवकर." स्वभाव मुळातच तापट, त्यात ही नोकरी, म्हणजे आगीत तेल. घरी बायकोने भाजी वाढायला जरा वेळ लावला तरी माझ्या तोंडून निघायचं, "चला, आटपा!" ती म्हणायची, "ही गाडी नाही हो, ताट आहे."

मग सोनगीरच्या फाट्यावर ते झालं. साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी असावं. एक म्हातारी उतरत होती, डोक्यावर पाटी, एक पाय पायरीवर आणि दुसरा अजून हवेत. गाडीला वीस मिनिटं उशीर झालेला. मी मागे न बघताच दोरी ओढली. ती पडली, मनगट मोडलं. मी धावत उतरून तिला उचललं, तर ती मलाच म्हणाली, "मनाच पाय सुस्त शेतस, भाऊ. तुले उशीर व्हयना." दोष तिने स्वतःच्याच पायांना दिला. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांची मला सवय होती.

त्या दिवसापासून दोरीला हात लावला की तळव्याला घाम फुटायचा. सकाळी ड्यूटीवर निघताना ओकारी यायची. डेपोतले दोस्त म्हणायचे, "काय रे, डोहाळे लागले का?" मीही हसायचो, आणि नळाखाली डोकं धरून पुन्हा ओकायचो. एकदा बायकोला सांगून टाकलं, "या घाईत मी मरेन, नाहीतर कुणाला तरी मारेन." दुसऱ्या सकाळी तिने माझा डबा भरलाच नाही. तिला ते खरं वाटलं असावं.

अशात माझा शाळेतला एक सोबती धुळ्यात भेटला. फौजेतून सुटलेला. सरकारने त्याच्यासारख्या जवानांना पार अंदमानच्याही खाली, एका बेटावर जमिनी दिल्या होत्या. म्हणाला, "चल माझ्यासोबत. माझी नारळाची बाग सांभाळ, राहायला घर देतो. तिथे घड्याळ फक्त शाळेच्या मास्तरकडे आहे, आणि तेही बंद पडलंय." मी त्याच जागी, मनातल्या मनात, निघालोसुद्धा. बायको म्हणाली, "दुरून डोंगर साजरे." मी म्हटलं, "डोंगर कुठे? समुद्र आहे." किती दिवसांनी आम्ही दोघं हसलो.

राहिली आई. वडील गेल्यापासून गावात एकटीच राहायची. मी तिचा एकुलता एक. तिच्या तोंडून 'हो' आल्याशिवाय माझा पाय निघणार नव्हता.

मी आणि बायको गावी गेलो तेव्हा आई चुलीपुढे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "माय, मी नोकरी सोडस. आम्ही बेटवर ऱ्हावाले जातस."

आता छाती पिटेल, शपथा घालेल, अशी तयारी ठेवून मी उभा होतो. पण तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "जा रे भो, जा! मी तं कव्हयनी सांगस, सोड ती घंटी." पिठाच्या हातानेच उठली आणि आमच्या दोघांच्या हातावर गूळ ठेवला. एवढं सोपं होतं? मी गूळ खाल्लासुद्धा. मग तिने खुंटीवरचा वडलांचा कोयता काढून माझ्या हातात दिला. "बेटमा साप निंघतस. हाऊ जवळ ठेव."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गावापासून दीड मैलावर, नाल्याकाठी आमचं दोन एकर कोरडवाहू वावर होतं. तिथे बांबूचं मोठं बेट होतं, म्हणून त्या वावरालाच आमच्या घरात 'बेट' म्हणायचे. आईने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. तिच्या लेखी जगात बेट एकच. आणि मी? महिनाभर फौजीच्या तोंडून बेट, बेट ऐकून मला आमचं वावर आठवलंसुद्धा नव्हतं.

बायकोने मला कोपराने ढोसलं. मी कोयता हातात धरून उभा राहिलो. मला तिचा होकार हवा होता, तो मिळाला होता. कशासाठी मिळाला, ते मला ऐकायचं नव्हतं. परतताना थांब्यावर बायको म्हणाली, "आत्ताच्या आत्ता मागे फिरा. ती माउली समजतेय, पोरगा घरी येतोय." मी चार लोकांत तिच्यावर ओरडलो, "तू गप बस!" पुढे तिनेही तो विषय काढला नाही.

दोन महिने असेच गेले. डेपोत राजीनामा दिला, मद्रासच्या बोटीची तिकिटं आली. दर आठवड्याला मी सांगायचंच असं ठरवून गावी जायचो आणि तोंडाला कुलूप लावून परतायचो. कारण दर खेपेला आईने काहीतरी नवं करून ठेवलेलं असायचं. बेटातला बांबू तोडून खोपीला मेढी रोवल्या. तुराट्यांच्या भिंती केल्या. जमीन सारवली. त्या वयात, एकटीने!

निघायच्या आदल्या दिवशी गेलो तेव्हा घराला कडी होती. ती वावरातच होती, चूल लिंपत बसलेली. "देख, बठ्ठं करी ठेवेल शे," ती म्हणाली. "वऊनी कंबर दुखस, म्हणून चूल उंच." सुनेच्या कमरेचीसुद्धा काळजी घेऊन तिने सगळं तयार ठेवलं होतं.

मी सांगितलं. गाडीत थांबे ओरडावेत तसं एका दमात: मद्रास, बोट, समुद्र, अंदमान, पुढे आणखी बोट. तिने बोटांची माती चुलीच्या कडेला पुसली. एक बोट, मग दुसरं बोट. आणि विचारलं, "तठे गाडी जास का?"

"नही, माय."

"मंग तू येशी कसा?"

अकरा वर्षं मी लोकांना परतीच्या गाड्या सांगत होतो. तिच्यासाठी माझ्याकडे एकही नव्हती. बरोबर आणलेला कोयता मी खोपीतल्या खुंटीला अडकवला. ती रडली नाही, जाऊ नकोस म्हणाली नाही. म्हणाली असती तर राहिलो असतो, असं मी आज म्हणतो. माझा माझ्यावर विश्वास नाही.

फौजी खोटं बोलला नव्हता. बेटावर खरंच कसलीच घाई नव्हती. माझी ओकारी थांबली, बायकोवर ओरडणंही थांबलं. बोट पंधरा दिवसांनी यायची आणि टपाल तिच्यातच असायचं. मी आईला पत्रं टाकायचो. उत्तर यायचं नाही. तिला लिहिता-वाचता येत नाही, कुणाकडून वाचून घेत असेल, असं मी स्वतःला समजवायचो.

दुसऱ्या पावसाळ्यात समुद्र खवळला आणि दोन खेपा चुकल्या. तिसरी बोट आली तिच्यात गावच्या नानांचं, म्हणजे वडलांच्या चुलतभावाचं पत्र होतं. आई गेली होती. तारीख पाहून मी बोटांवर मोजलं. तेराव्यालाही महिना उलटला होता.

नानांनी लिहिलं होतं: "तुझी आई रोज दोघांच्या भाकरी बांधून वावरात जायची, सांजेला रिकामं फडकं घेऊन यायची. कोणी मुलाचं विचारलं की सांगायची, मना आंडोर बेटवर शे. आम्हाला वाटायचं, नोकरी सोडली म्हणून तू लाजेने गावात येत नाहीस. ती गेली तेव्हा तुला बोलवायला माणूस पाठवला. चुलीत राख होती, कोयता खुंटीला होता, पण तू नव्हतास. रानात गेला असशील म्हणून अंधार पडेपर्यंत तुझ्यासाठी थांबलो. नंतर तिच्या पेटीत तुझी पत्रं सापडली, एकही फोडलेलं नव्हतं. त्यावरून हा पत्ता मिळाला."

पत्र हातात घेऊन मी धक्क्याकडे पळत सुटलो. चप्पल वाटेत कुठेतरी पडली. बोट माल उतरवून केव्हाच गेली होती. धक्क्यावरचा माणूस म्हणाला, एवढी काय घाई आहे, पंधरा दिवसांनी दुसरी येईलच.