अल-हसाची काकवी आणि अण्णांचं तिकीट

सौदीतल्या मराठी माणसाला सुट्टीत कुठे जायचं असा प्रश्न पडला की उत्तर ठरलेलं असतं. बहारीनचा पूल, नाहीतर दुबई, नाहीतर नेहमीचा मॉल. अल-खोबरमध्ये इतकी वर्षं काढून आम्हीही हेच करत आलो. दीड-दोन तासांवर खजुरीच्या बागांचं अख्खं अल-हसा पसरलेलं आहे हे ऐकून माहीत होतं, पण काखेत कळसा आणि गावाला वळसा. मार्चमधल्या एका शुक्रवारी शेवटी गेलो, आणि त्याचं कारण पर्यटन नव्हतंच. कारण होतं माझ्या वडिलांचं परतीचं तिकीट.

अण्णा शिरोळ तालुक्यातले. उमेद होती तोवर गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून राबले, म्हणजे उसाच्या रसाची काहील कधी उतरवायची हे ठरवणारा माणूस. आई गेल्यापासून घरात एकटे. मी एकुलती एक. खूप मागे लागून त्यांना तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आणलं, आणि महिना व्हायच्या आत त्यांनी महेशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, बाजूला घेऊन विचारलं की मेमधलं तिकीट अलीकडचं करून मिळेल का. कारणं तयार होती. ऊन सोसत नाही (मार्चमध्ये, एसीत बसून!), गुडघा धरतो, शेताकडे बघायला कोणी नाही.

खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्याकडे बाप लेकीच्या घरी राहत नाही. येतो, चहा घेतो, नातवंडाच्या हातावर खाऊ ठेवतो आणि दिवेलागणीच्या आत एसटी गाठतो. इथे एसटी नाही हीच त्यांची पंचाईत. सोफ्याच्या कडेवर बसायचे, तहान लागली तरी फ्रिज उघडायचे नाहीत, महेश कामावरून आला की हॉल सोडून आतल्या खोलीत जायचे. मी एकदा चिडले तर म्हणाले, "एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. माझी तर कवाच गेली असंल, पोरी."

महेश रविवारी एजंटला फोन करणार होता. माझ्या हातात एक वीकेंड होता, इथला म्हणजे शुक्रवार-शनिवारचा. महेशचा ऑफिसातला सहकारी नासेर मूळचा अल-हसाचा. वडिलांच्या बागेत या, आमच्याकडे खजुराचा पाक जुन्या पद्धतीने निघतो, असं तो कधीचा म्हणत होता. पाक म्हटल्यावर माझ्या डोक्यात काकवी आली आणि काकवी म्हटल्यावर अण्णा. बॅगा भरल्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. रस्ता सरळ, गुळगुळीत, अबकैकवरून जाणारा. वारं असेल तर कडेची वाळू डांबरावर येते, तेवढं सांभाळा. थेपले घरून घेतले होते, चहा पंपावरच्या टपरीवर घेतला. इथला करक चहा रियाल-दोन रियालला मिळतो आणि इतका गोड असतो की अण्णांनी इथे आल्यापासून पहिल्यांदा चहाला मान डोलावली. माझी मुलगी ईरा मागे त्यांच्याशेजारी बसून उंट मोजत होती. ती इंग्रजीत बोलत होती, ते मराठीत, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

एक चूक आमच्यासारखी करू नका. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी हुफूफ या अल-हसाच्या मुख्य शहरात पोचलात तर सगळं बंद मिळेल. आम्ही तडक कारा डोंगराकडे वळलो. तिकीट काढून आत गेलं की उंच, अरुंद कपारींमधून वाट जाते, आणि बाहेर कितीही तापलेलं असो, आत गारवा असतो. वाट सपाट आहे, दिवे आहेत, गुडघेदुखीवाल्यांनाही जमेल. अण्णा भिंतीला हात लावून चालत होते. आवडलं का विचारलं तर चांगलं आहे म्हणाले. त्यांना सगळंच चांगलं असायचं. जेवण चांगलं, हॉटेल चांगलं, लिफ्ट चांगली. पाहुण्यासारखं ते कौतुक ऐकून मला राग यायचा.

दुपारी हसावी भात खाल्ला. हा इथला तांबडा तांदूळ, चिकट आणि पोटभरीचा, मटणाबरोबर देतात. एका थाळीत आम्ही चौघं जेवून उरलं. राहायला स्वयंपाकघर असलेलं दोन खोल्यांचं अपार्टमेंट घेतलं होतं, दोनशे रियालच्या आसपास. कुटुंबाला तेच परवडतं आणि सोयीचंही पडतं.

संध्याकाळी कैसरिया बाजारात गेलो. अल-हसाला गेलात आणि एवढंच बघितलंत तरी चालेल. कमानींखालून जाणाऱ्या सावलीतल्या गल्ल्या, लाकडी दारं, मसाल्यांची पोती, आणि बिश्त शिवणाऱ्यांची दुकानं. बिश्त म्हणजे लग्नाकार्यात पुरुष वरून घेतात तो पातळ झगा. त्याच्या काठावर जरीचं काम हाताने करतात. शेजारच्या भट्टीत खजूर घालून केलेली तांबूस रोटी मिळते, ती गरमच खा. रोटीवाल्याने वर काळसर पाक ओतून दिला. अण्णांनी बोट चाटलं, थांबले, पुन्हा चाटलं.

"काकवी हाय की ही," ते म्हणाले. "पर जाळाचा वास न्हाई."

त्या संध्याकाळी त्यांनी आपणहून काढलेला तेवढाच विषय. मी मनातल्या मनात नासेरचे आभार मानून टाकले, म्हटलं उद्याचं उद्या बघू.

शनिवारी सकाळी बागेत गेलो. वसंतात अल-हसाला का यावं, तर यासाठी. खजुरीच्या झाडांवर माणसं दोर कमरेला लावून चढलेली असतात आणि नर झाडाच्या फुलांचे तुरे मादी झाडाच्या मोहरात बांधत असतात. वाऱ्यावर सोडून भागत नाही, हाताने करावं लागतं. खाली पाटातून पाणी खळखळत असतं. अण्णा वर बघत उभे राहिले आणि ईराला म्हणाले, "लगीन लावत्यात झाडांची." ईराने ते जाऊन नासेरला इंग्रजीत सांगितलं, नासेरने अरबीत त्याच्या वडिलांना, आणि ते म्हातारे गृहस्थ इतके खूश झाले की अण्णांचा हात धरूनच त्यांना सतरंजीवर घेऊन गेले.

सतरंजीवर गहवा आला. वेलदोड्याची फिकट कॉफी, घोटभर पेल्यात, बरोबर खजूर. पेला रिकामा झाला की पुन्हा भरतात. नको असेल तर पेला जरा हलवून परत द्यायचा, हे नासेरने सांगेपर्यंत महेशने किती पेले रिचवले ते विचारू नका. आमचा नवरा तसा गुळाचा गणपती, समोर येईल ते मुकाट्याने घेतो.

मग नासेरच्या वडिलांनी अण्णांना विचारलं की मुलं किती. नासेरने मला इंग्रजीत सांगितलं, मी अण्णांना मराठीत.

अण्णा म्हणाले, "पोरगा न्हाई."

एवढंच म्हणून थांबले. गावाकडे या प्रश्नाचं हेच उत्तर असतं. ते देताना मी लहानपणापासून त्यांना ऐकलंय, लग्नात, बाजारात, सोसायटीच्या दारात. मला त्यात काही वावगं वाटेनासं झालं होतं. मी तसंच्या तसं नासेरला सांगितलं, त्याने वडिलांना. म्हाताऱ्यांनी पेला खाली ठेवला, छातीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात दुवा दिली. देव तुम्हाला धीर देवो असं ते म्हणताहेत, नासेर कुजबुजला. अरबीत मुलगा आणि मूल यांना एकच शब्द, त्यामुळे त्यांची समजूत झाली की या माणसाला मूलच नाही.

  तेवढ्यात ईराच म्हणाली, इंग्रजीतून आणि चांगल्या ठणठणीत आवाजात, की पण मम्मा त्यांचीच मुलगी आहे ना, ही काय इथे बसलीय.

नासेरने ते सांगताच त्याच्या वडिलांनी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा अण्णांकडे. त्यांचा प्रश्न नासेरने जरा संकोचूनच माझ्यापर्यंत पोचवला. "ते विचारताहेत, मग नाही का म्हणालात?"

मी तो मराठीत आणला. अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली.  म्हाताऱ्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, माझं नाव विचारलं. नंदा, मी म्हणाले.

"अबू नंदा," असं म्हणून त्यांनी अण्णांपुढे पुन्हा हात केला, जणू ओळख आत्ता होत होती.

नासेरने समजावलं, अबू म्हणजे बाप. इथे बापाला पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत. त्याच्या वडिलांना सगळं गाव अबू नासेर म्हणतं, त्यांचं स्वतःचं नाव फक्त कागदपत्रांत. सहसा मुलाचंच नाव लावतात, हेही त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, पण वडील म्हणताहेत की ज्याच्याकडे नंदा आहे तो अबू नंदा. आपल्याकडे लेकरांना बापाचं नाव लावतात, इथे बापाला लेकरांचं. हे मी अण्णांना सांगितलं.

"म्हंजे मला तुजं नाव लावलं व्हय?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणाले. 

"यल्ला, अबू नंदा," म्हणजे चला, असं म्हणत अबू नासेर त्यांना मदबसा दाखवायला घेऊन गेले. मदबसा म्हणजे खजुराचा पाक काढायची खोली. बुटकी, जवळजवळ बंद, जमिनीवर ओळीने पन्हळी पाडलेल्या. त्यांच्यावर खजुराची पोती एकावर एक रचून ठेवतात. वरच्यांच्या वजनाने आणि खोलीच्या उबेने खालच्या खजुरातून पाक पाझरतो, पन्हळीतून वाहत कोपऱ्यातल्या खड्ड्यातल्या भांड्यात जमतो. त्याला दिब्स म्हणतात. आता कारखाने आहेत, असं काढणारे थोडेच राहिलेत. हंगाम आपल्या हिशेबाने पावसाळ्यानंतरचा; आम्ही गेलो तेव्हा मागच्या खजुराचे शेवटचे थेंब पडत होते.

अण्णा वाकून बघत होते. चुलवण कुठाय, जाळ कुठाय, त्यांनी विचारलं. जाळ नाही, हे त्यांना पटायला वेळ लागला. मग त्यांचं तोंड उघडलं आणि माझी पंचाईत झाली. काहील, मळी, भेंडीचं पाणी, पाक हातावर घेऊन बघणं, या सगळ्याला इंग्रजी कुठून आणणार? भेंडीने रस स्वच्छ होतो हे ऐकून अबू नासेर इतके हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि मग दोनदा खात्री करून घेतली. पुढे पुढे ते दोघं मला आणि नासेरला सोडून हातवाऱ्यांनीच बोलायला लागले.

जेवण बायकांचं आत, पुरुषांचं बाहेर. नासेरच्या आईने माझ्या ताटात वाढता वाढता माझी भीड मोडून टाकली. तिला माझी भाषा येत नव्हती आणि तिचं काही अडत नव्हतं. बाहेरून सारखी हाक ऐकू यायची, अबू नंदा हे घ्या, अबू नंदा ते घ्या. दर वेळी मी वळून बघायची. सवय व्हायची होती. महेशने नंतर सांगितलं की अण्णांना बैठकीत सगळ्यांत वर बसवलं होतं आणि ते मांडी घालून, लोडाला पाठ टेकून बसले होते.

निघताना अबू नासेरनी दिब्सची बरणी दिली. खजूर पिकेल तेव्हा या, असं निमंत्रणही दिलं.  परतीच्या रस्त्यावर महेशने एजंटचा विषय काढला तर अण्णा बघू म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. मला धीर धरवत नव्हता, पण त्यांना पुन्हा विचारायची हिंमतही झाली नाही.

कुणी अल-हसाला जाणार असेल तर जरूर जा, एक मुक्काम पुरतो, मार्च गाठा. डोंगर, बाजार, भात, सगळं छान आहे. पण खरं सांगते, माझ्यापाशी उरलं ते वेगळंच. एका अनोळखी म्हाताऱ्याने साध्या आश्चर्याने एक प्रश्न विचारला, जो मी जन्मात माझ्या बापाला विचारू शकले नव्हते. त्यात ना उपदेश होता ना टोमणा. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही आणि फेडायची मला घाईही नाही.

रविवारी महेश ऑफिसहून आला. आल्या आल्या तो फोनचं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. जेवायला बसलो. मी कटाची आमटी केली होती, सगळं लक्ष तिकिटाकडे ठेवून. अण्णांनी भुरका मारला आणि वाटी खाली ठेवली.

"नंदे, आमटी आळणी झालीया," ते महेशदेखत म्हणाले. "आन् भात बी जरा गिचकाच हाय."

आमच्याकडचा बाप जावयाच्या घरी ताटात दगड वाढले तरी छान झालेत म्हणेल. जेवणाला नावं ठेवायची ती फक्त स्वतःच्या घरी. आईने हे असलं रोज ऐकलं, मी इथे आजवर एकदाही ऐकलं नव्हतं. 

महेशलाही कळलं असावं. त्याने सावकाश विचारलं, "अण्णा, तिकिटाचं काय करू मग?"

"मेचं हाय न्हवं? असू द्या की तसंच," अण्णा म्हणाले. "आदी ते मीठ हिकडं द्या."