मंगळीचा पाय

महडची निम्मी वाट सरली तशी सुंदराबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसली. संकष्टीला काम सुटलं की मी कुंभिवलीहून चालत गणपतीला जाते. ती कधी येत नाही. "तुजा देव मोदकावर खूश, आमच्या देवीला कोंबडं लागतं," असं चिडवते. त्या दिवशी मात्र कंपनीच्या गेटपासून माझ्यामागून निघाली होती.

आमच्या कंपनीत हाड जोडायचं सिमेंट तयार करतात. मोडलेल्या जागी ते मऊ असताना भरायचं. ते घट्ट होतं, मग हळूहळू विरघळतं आणि तिथं आपलं हाड भरून येतं. माणसांआधी शेळ्यांच्या पायात घालून बघतात. मी काचसामान धुते, सुंदराबाई शेळ्या सांभाळते.

ती पोशीर गावची. तिच्या मुलाची, पोपटची, मांडी मोडली तेव्हा आत लोखंडी पट्टी टाकली होती. तिथं पू झाला, पुन्हा फाडावं लागलं. पोरगा अजून लंगडतो. म्हणून या सिमेंटवर तिचा फार जीव.

शेळ्यांना नाव द्यायचं नाही, कानातल्या बिल्ल्याचा नंबरच घ्यायचा, असा नियम आहे. पण ऑपरेशननंतर एक शेळी खाण्याला तोंडच लावीना. सुंदराबाईने जमिनीवर बसकण मारून, "मंगळे, मंगळे" करत तिला मुठीने चारलं. तेव्हापासून ती हिच्याच हाकेवर उठायची. पुढे धावायलाही लागली. पाय जुळला की मंगळीला घरी न्यायची, असं सुंदराबाई धरूनच चालली होती.

त्या दुपारी शेळ्यांवरचे प्रयोग बघणाऱ्या आसावरी मॅडमनी सांगितलं, उद्या मंगळीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं. आतलं हाड कापून बघितल्याशिवाय हे सिमेंट माणसांना देता येत नाही.

"मॅडमच्या पण डोल्यांत पाणी व्हतं गं," सुंदराबाई म्हणाली. "भांडू कुनाशी? माज्या पोपटासारख्यांसाठीच हाय ना ते?"

"देव सोडवेल गं तिला," मी म्हटलं. बोलले आणि माझं मलाच ते पोकळ वाटलं.

"सोडवतोय! देवीला दिलेलं बोकड निदान परसाद तरी व्हतं. हिला जालून टाकनार. कुनाच्या तोंडी नाय, कुनाच्या नावानं नाय."

मी तिला उठवायला हात पुढे केला. तिने तो धरला, पण उठली नाही.

"सुप्रिया, माजं एक काम कर. उद्या माज्या जागी तू जा. मी हाक मारली का ती येते गं, कुठं नेते ते बगतपन नाय. तू दोरी लाव. येनार नाय ती, तरी वढून ने. माज्या हाकेवर नको जायला."