पट्टी ठेव गं, पट्टी!

“पट्टी ठेव गं, पट्टी!”

लातुरात माझी मुलींची मेस आहे. तिथं जेवता जेवता कुणी पुस्तक उघडलं की जेवायला येणारी एक पोर हे ओरडायची. स्वतः वर्तमानपत्र, एसटीचं वेळापत्रक, लग्नपत्रिका, काहीही वाचताना ओळीखाली फूटभर लाकडी पट्टी सरकवायची. तुम्ही पाहिली असती तर हसला असतात. मीही हसायचे, पण मला कारण माहीत होतं.

बारावीनंतर मेडिकलच्या सीईटीत तिनं एक अवघड प्रश्न सोडला. पण उत्तरपत्रिकेवरची त्याची गोलांची ओळ सोडायला विसरली. पुढची सगळी उत्तरं एकेक ओळ वर चढली.

“शेवटी एक ओळ कोरी उरली, मावशी. तवा कळलं.”

“जेव आधी,” मी म्हणाले.

घरून एकच वर्ष वाढवून मिळालं. यंदाही नाही झालं तर बीएस्सी करता करता सोयरीक बघायची, असं वडिलांनी बजावलं होतं. तिनं बीएस्सीला नाव घातलं आणि पुन्हा सीईटीच्या अभ्यासाला बसली.

मेसमधल्या कॉलेजच्या पोरी त्या परीक्षेवरून रोज भांडायच्या. रेणापूरची एक म्हणायची, “गोल काळे करून डॉक्टर होतेत व्हय? त्यापरीस रांगोळीची परीक्षा घ्या.” हदगावची म्हणायची, “ज्याच्या बापाला क्लास परवडतोय, त्याचाच नंबर.”

पट्टीवालीचं मत वेगळं. भूकंप झाला तेव्हा ती पाचवीत होती. नंतरची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये. “गावाचं नाव सांगितलं की लोक अरेरे करतेत,” ती म्हणायची. “पेपर तपासणारं मशीन करत न्हाई. त्याला फक्त गोल दिसतेत. मला लई आवडतंय ते मशीन.”

“त्यानंच तर पाडलं की तुला!” रेणापूरची म्हणाली.

“त्यानं न्हाई. माझं मी पडले.”

परीक्षेआधी चार दिवस तिनं डोक्याला तेल लावणं बंद केलं. कमरेखाली जाणारी वेणी पार सुंभासारखी झाली. “हे काय सोंग?” मी रोज ओरडायचे. ती नुसती हसायची.

परीक्षेहून आली ती रिकाम्या हातानं.

“पट्टी कुठंय?”

“दारातच काढून घेतली. पेनाशिवाय काही न्यायचं न्हाई म्हणले.”

माझी तव्यावरची पोळी करपली. “मग गं?”

तिनं वेणी पुढं ओढली आणि टेबलावर आडवी ताणली. “ही कोण काढून घेतंय? एकेक ओळ खाली सरकवत गेले. मला वाटलंच होतं, पट्टी घेतील म्हणून. अन् बघा मावशी, कागदाला तेलाचा एक डाग न्हाई!”

पोरी टेबलं बडवायला लागल्या. सगळ्यात जोरात रेणापूरची.

नांदेडला मेडिकलला तिचा नंबर लागला. त्या दिवशी मी सगळ्यांना शिरा केला आणि तिच्या डोक्यावर वाटीभर तेल थापलं.

पुढच्या वर्षापासून परीक्षेच्या आठवड्यात मेसमध्ये पोरी कोरड्या केसांनी हिंडायला लागल्या. मी ओरडणं सोडून दिलं.

काही वर्षांनी ती नांदेडहून अशीच उभ्या उभ्या येऊन गेली. केस मानेपर्यंत कापलेले. “ड्युटीत विंचरायला येळ कुठंय?” म्हणाली. माझ्या गोळ्यांची चिठ्ठी मागून घेतली आणि वाचायला लागली. डावी करंगळी आपोआप ओळीखाली गेली आणि एकेक ओळ खाली सरकत राहिली.

समोर एक बॉबकटवाली पोर जेवत होती. परीक्षा तोंडावर आणि वेणी नाही म्हणून आठवडाभर रडवेली. तिनं ती करंगळी बघितली. मग स्वतःची बघितली.

नांदेडची बस सुटली असेल, तेव्हा ती पोर सरावाच्या उत्तरपत्रिकेच्या दुसऱ्या पानावर होती. करंगळी ओळीखाली, भात गार. मी तो गरम करून आणला.