बदलीची हजेरी

सोपान साखर कारखान्यात अकरा हंगाम बदली कामगार होता. कायम माणूस आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. आला, की डबा न उघडता घरी. तरी त्यानं गेट कधी चुकवलं नाही. बाराव्या हंगामाला त्याला कायम केलं. तेव्हापासून त्याचा एकच कायदा: हजेरी भरा, पुढचं आपोआप होतं.

गुडघ्यांनी दगा दिला, तो आपल्या गावी, अंथुर्ण्याला, घरी बसला आणि त्याच साली धाकटी मुलगी संजीवनी बारावी झाली. फी झेपणारी नव्हती. सोपान बारामतीच्या एका कॉलेजात चक्कर मारून आला.

"वर्गात नावं सत्तर, बसल्याली पंधरा. मागच्या बाकावर जाऊन बस. फुकाट शीक."

"माझं नाव न्हाय तितं, तात्या."

"माझं तरी कुठं हुतं?"

प्रयागबाईनं नवऱ्यापुढंच मुलीला अट घातली. "दिवाळीपातुर बघती. परीक्षेला बसलीस तर शीक. न्हायतर लोणी देवकरला कंपनीत जायचं."

संजीवनी रोज पहिल्या एसटीनं जाऊ लागली. सरांनी एकदा विचारलं, "तू कोण गं?"

"मी बदलीवर हाय, सर."

वर्ग हसला. सरही हसले आणि तिला बसू दिलं. घरी हे ऐकून सोपान कितीतरी वेळ खूश होता. संध्याकाळी ती परतली, की तो कॅलेंडरवर फुली मारायचा. पावसात, तापात, एक खाडा नाही. कायम नाव असलेली स्वरूपा आठवड्यातून दोनदा यायची आणि संजीवनीची वही उतरवून घ्यायची.

दिवाळीआधी परीक्षेचे अर्ज निघाले. सोपान कॅलेंडर गुंडाळून मुलीबरोबर खिडकीवर गेला.

"काका, हिचा प्रवेशच नाही," क्लार्क म्हणाला.

"हजेरी हाय की. बघा, एक खाडा न्हाय."

क्लार्कनं कॅलेंडर पाहिलं. चेष्टा केली नाही. "वर्गात बसून नाव लागत नाही, काका. जुलैत का नाही आलात? उत्पन्नाचा दाखला जोडला असता तर हिची फी माफ झाली असती."

"माफ? समदी?"

"जवळजवळ सगळी. आता तारीख गेली. नुसतं विचारायचं तरी."

सोपान पहिल्या चकरेत वर्ग मोजून आला होता. ही खिडकी तेव्हाही उघडीच होती. गेटावर उभं राहायची त्याला सवय. खिडकीवर विचारायची नव्हती.

मागं रांगेत स्वरूपा अर्ज घेऊन उभी होती. "संजू, परीक्षेपुरती वही देतीस?"

संजीवनीनं वही दिली.

"फुडल्या साली..." घरी सोपाननं सुरुवात केली.

"अट ठरली हुती," प्रयागबाई म्हणाली.

दिवाळीनंतर संजीवनी लोणी देवकरला गेली. मुकादमानं सांगितलं होतं, रोज गेटावर यायचं. माणूस कमी पडला तर आत घेऊ. पहिल्या सकाळी ती डबा घेऊन उंबऱ्याबाहेर पडली. खाडा करू नको, हे शब्द सोपानच्या तोंडापर्यंत आले. त्यानं ते गिळले आणि कॅलेंडर भिंतीवरून उतरवून ठेवलं.