गावपळणीचं पाकीट

लोक तिकिटं जमवतात. आमच्या घरात तिकिटाला किंमत नव्हती, त्यावर बसलेल्या शिक्क्याला होती. बाबा शाळामास्तर. जिल्ह्यातल्या गावागावांतून ते स्वतःच्याच पत्त्यावर पाकीट धाडायचे, तेही त्या गावाच्या जत्रेच्या दिवशी. आत कोरा कागद. आमचा पोस्टमन त्यावरून त्यांची यथेच्छ थट्टा करायचा. वालावलच्या जत्रेचं पाकीट आलं तेव्हा बाबांनी शिक्क्यावरून अलगद अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बघ, हा दिवस आता कुठे जात नाही." माझ्या अंगावर तेव्हा काटा आला होता. शिक्का बघून तो अजूनही येतो.

नियम मात्र कडक. शिक्का पुसट निघाला, तारीख हुकली, की पाकीट बिस्किटांच्या डब्यात. डब्यावर लिहिलेलं, 'बाद'. उरलेली अल्बममध्ये लागत, शिक्का वर आणि पाठ कागदाला. पाकिटाला तोंड एकच असतं, असं ते म्हणायचे.

बाबा गेले तेव्हा अल्बममध्ये एकच जागा रिकामी होती. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: गावपळण.

आमच्या गावात तीन-चार वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रेसुद्धा. तीन दिवस, तीन रात्री गावात कुणी थांबत नाही. पुन्हा कौल झाला की परतायचं. गाव असा रिकामा असतानाचा त्याचा शिक्का बाबांना हवा होता. दर पळणीला ते पाकीट ठेवायचे आणि दर खेपेला तारीख हुकायची. गावच्या पोस्टाचं आता काही खरं नाही असं ऐकत होतो, म्हणून या खेपेला मी हट्टालाच पेटलो. ही पळण गेली, तर ती जागा कायमची रिकामी.

गावचं पोस्ट माझी चुलत काकी सांभाळते. पळणीआधी ओरोसच्या आमच्या घरून जाऊन मी तिच्या हाती पाकीट दिलं आणि वर बाबांसारखीच बजावणी केली: शिक्का ठळक हवा, आणि मधल्याच दिवसाचा हवा. तिने मान डोलावली. ती मान होकाराची होती की मला वाटेला लावण्याची, हे मी विचारायला हवं होतं.

मधल्या दिवशी रजा टाकून गेलो. वेशीवर वाहणाऱ्या व्हाळापलीकडे माडाच्या झापांच्या झोपड्यांची रांग लागली होती. कुणी पेजेला आधण ठेवलं होतं, कुठे भजनाची तयारी चालली होती, कोंबड्या डालग्यांखाली कुरकुरत होत्या. काकी मासळी साफ करत होती. शिक्का कुठे आहे विचारलं, तर पोस्टात, कुलपात. माझं पाकीट? त्यावर तिने गाव सोडायच्या दिवशीच शिक्का मारला होता. त्या दिवशीची टपालाची पिशवी आधीच गेलेली, म्हणून पाकीट तसंच पोस्टात राहिलं होतं.

मला रागच आला. मागच्या खेपांचीच गत. एवढं सांगून तारीख हुकलीच. मी तसं बोलूनही दाखवलं. काकीने सुरी खाली ठेवली.

"अरे झिला, गावच गावात नाय, तर गावाचा नाव खंय मारू?" ती म्हणाली. मग हनुवटीनेच व्हाळापलीकडच्या गावाकडे दाखवलं. "तुझा पाकीट थंय आसा. सगळ्या गावात आता ता एकटाच."

मी तिकडे बघितलं. संध्याकाळ होत होती. एकाही छपरातून धूर नव्हता. कुत्रं भुंकत नव्हतं, कुठे दिवा नव्हता. माडांमागे माझा गाव जसाच्या तसा उभा होता आणि त्यात माणूस म्हणून कुणी नव्हतं. तिथे त्या अंधारात, कुलपाआड, माझ्या नावाचं पाकीट पडून होतं. मी हात जोडले. कुणाला, ते सांगता येणार नाही.

गाव परतल्यावर काही दिवसांनी पाकीट ओरोसला पोचलं. पुढे गाव सोडल्याची तारीख, ठळक. सवयीने ते मी डब्याकडे नेलं आणि वाटेत उलटं केलं. मागे ओरोसच्या पोस्टाचा, पाकीट पोचल्याचा शिक्का होता. एरवी एका दिवसाच्या वाटेला या पाकिटाला जवळजवळ आठवडा लागला होता. माझी गावपळण त्या दोन तारखांच्या मध्ये बसली होती.

मग मी डबा उघडला. जत्रांची पुसट पाकिटं बाजूला सारता सारता तळाशी आमच्या गावाचं एक सापडलं, बाबांच्या अक्षरातलं, जुन्या पळणीचं. शिक्का गाव सोडायच्या दिवसाचा, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने 'तारीख हुकली'.

मी ते उलटलं. मागेही पोचल्याचा शिक्का होता, कितीतरी दिवसांनंतरचा.

बाबांचं पाकीटही गावात एकटं राहून आलं होतं. त्यांनी जन्मभर मागितलेली गोष्ट त्यांच्याच डब्यात होती. ते असते तर आता आधी स्वतःला मूर्ख म्हणाले असते आणि मग रडले असते. मी नुसताच रडलो.

रिकाम्या जागी आधी त्यांचं पाकीट लावलं, शेजारी माझं. दोन्ही पाठ वर करून.